शंभर पावलें अलीकडे

हिमालय आमच्या पिढीस ठाऊक आहे तो कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गावरून, बदरीकेदाराहून परतलेल्या वडीलधाऱ्यांच्या हकीकतींवरून, नाहीं तर भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चित्रावरून. हिमाच्छादित डोंगर म्हटला कीं तो दुरून हात जोडण्याचा विषय. त्याच्या अंगावर अंधारांत चढावयाचें आणि माथ्यावरून पायांस पट्ट्या बांधून घसरत खालीं यावयाचें, असा कोणाचा छंद असूं शकेल, आणि तोही आपल्याच घरांतील मुलांचा, हें आम्हांस कोणी सांगितलें असतें तर आम्हीं तें हंसण्यावारी नेलें असतें. परंतु २०२३ सालच्या एप्रिल-अखेरीस हा प्रकार आम्हांस अगदीं जवळून अनुभवावा लागला. जी एक समजूत आम्हीं तीस वर्षें फळ्यापुढें उभे राहून मुलांस सांगितली, ती त्या एका दिवसानें थोडी हलविली. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचा पुतण्या व त्याची पत्नी हीं दोघें नोकरीनिमित्त इटलींतील ट्यूरिन शहरीं राहतात. त्यांच्याकडे आम्ही दीड महिन्यासाठीं गेलों होतों. जाऊन आठवडा झाला नाहीं तोंच मुलांनीं जेवतांना सहज सांगितलें कीं, दोघां इटालियन स्नेह्यांबरोबर तीं 'ग्रान पारादीसो' नांवाच्या शिखरावर स्कीनें जाणार आहेत. ही वार्ता दूरध्वनीवरून साताऱ्यास पोंचली आणि दुसऱ्याच दिवशीं वहिनींचा आम्हांस निरोप आला, "भावोजी, मुलें मोठीं झालीं, त्यांना नको म्हणणारी मी कोण? पण तुम्ही तेथें आहांत, तर निदान पायथ्याशीं जाऊन बसा. कोणी वाट पाहत आहे एवढें ठाऊक असलें म्हणजे माणूस जपून पाऊल टाकतो." हें शेवटचें वाक्य त्या वेळीं आम्हांस आईच्या काळजीपलीकडे कांहीं वाटलें नाहीं. त्याचा अर्थ पुढें कळला.

ग्रान पारादीसो याचा सरळ अर्थ 'मोठा स्वर्ग'. उंची ४,०६१ मीटर, म्हणजे १३,३०० फुटांहून किंचित् अधिक. आल्प्स पर्वतांत चार हजार मीटरांवरील शिखरें पुष्कळ आहेत. पण सर्वस्वीं इटलीच्या भूमींत उभें असलेलें असें हें एकच. १८६० सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ४ तारखेस दोघे ब्रिटिश गृहस्थ व त्यांचे दोघे वाटाडे यावर प्रथम पोंचले. याच्या पायथ्याच्या दऱ्यांची दुसरीही एक हकीकत सांगण्यासारखी आहे. मागें वळलेल्या लांब शिंगांचा आयबेक्स नांवाचा एक रानबोकड आल्प्समध्यें सर्वत्र असे. त्याच्या शिंगांत व रक्तांत औषधी गुण आहेत अशा समजुतीनें लोकांनीं त्याची इतकी हत्या केली कीं, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं याच दऱ्यांतून त्याचा अल्पसा कळप उरला. १८५६ सालीं राजा व्हित्तोरिओ एमान्युएले दुसरा यानें हा मुलूख स्वतःच्या शिकारीसाठीं राखून ठेवला. राजा शिकार करी, पण इतरांस करूं देत नसे. त्यामुळें तें जनावर वांचलें. १९२२ सालीं येथें इटलींतील पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें. आज आल्प्समध्यें हजारोंनीं आढळणारे आयबेक्स या एका कळपाचे वंशज आहेत. राजानें शिकारीसाठीं बांधविलेल्या खेचरवाटांवरूनच आजचे गिर्यारोहक वर जातात. राजाच्या हौसेंतून लोकांची सोय व्हावी आणि शिकाऱ्याच्या हातून शिकारीचें रक्षण व्हावें, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

आतां स्कीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. उत्तरेकडील देशांत पायांस लांब लांकडी पट्ट्या बांधून बर्फावरून चालण्याची चाल फार प्राचीन. आल्प्समध्यें मात्र ती अलीकडची. नॉर्वेच्या नान्सेननें १८८८ सालीं स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलें, आणि त्याच्या पुस्तकानें मध्य युरोपांतील तरुणांस वेड लावलें. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल हे १८९४ सालीं पत्नीच्या क्षयामुळें स्वित्झर्लंडांतील डाव्होस येथें राहत होते. होम्सला धबधब्यांत लोटून ते नुकतेच मोकळे झाले होते! त्या वसंतांत स्थानिक दोघां भावांबरोबर ते स्कीवरून एक खिंड ओलांडून आरोसा गांवीं उतरले, आणि त्याचें वर्णन त्यांनीं त्याच वर्षीं 'स्ट्रँड' मासिकांत लिहिलें. उतारावर त्यांचा पुष्कळसा प्रवास बैठकीवरच झाला, आणि न फाटणारें म्हणून नांवाजलेल्या कापडाच्या विजारीचा त्यांत निकाल लागला, असें ते स्वतःच सांगतात. पुढें दोनच वर्षांनीं, १८९६ सालीं, आडॉल्फ किंड नांवाच्या एका स्विस अभियंत्यानें ट्यूरिनमध्यें स्की आणली, आणि १९०१ सालीं तेथें मंडळही स्थापिलें. आमचीं मुलें ज्या शहरीं राहतात तेथेंच इटलींतील या छंदाचा उगम झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यंत्राच्या पाळण्यांत बसून वर जावयाचें आणि तयार केलेल्या उतारावरून खालीं यावयाचें, हा स्कीचा एक प्रकार. मुलें करणार होतीं तो निराळा. यांत वर जावयाचें तेंही स्वतःच्या पायांनीं. बर्फावरून घसरणारी पट्टी चढावर कशी चिकटते, हें कोडें आम्हांस पडलें, तेव्हां सूनबाईनें स्कीच्या तळाशीं लावावयाची एक केसाळ पट्टी आमच्या हातीं दिली. पूर्वीं ही सीलच्या कातड्याची असे. आतां अंगोरा बोकडाच्या केसांची किंवा नायलॉनची करतात. तिच्यावरून केसांच्या दिशेनें हात फिरवावा तर मांजराच्या पाठीसारखी मऊ, उलट फिरवावा तर केस ताठ उभे राहतात. पुढें सरकतांना ती घसरते, मागें घसरूं लागतां अडविते. बुटाची टांच चढतांना मोकळी ठेवावयाची म्हणजे चालतां येतें; माथ्यावर पोंचतांच केसाळ पट्टी सोलून काढावयाची, टांच जखडून टाकावयाची आणि उतरूं लागावयाचें. एवढ्या साध्या युक्तीवर सारा खेळ उभा आहे.

परंतु पाठीवरील पिशवींत आणखी तीन वस्तु होत्या, आणि त्या पाहून आमचें कुतूहल संपून काळजी सुरू झाली. संदेश सोडणारें व टिपणारें एक लहान यंत्र, घडीची लांब काठी आणि फावडें. हिमाचा कडा कोसळून कोणी गाडला गेला तर यंत्रानें त्याची जागा शोधावयाची, काठी खुपसून खोली पाहावयाची, आणि फावड्यानें उकरून काढावयाचें. गांवाहून मदत येण्याची वाट पाहण्यास सवड नसते. स्वित्झर्लंडांतील अपघातांची छाननी करून २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें कीं, पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या शंभरांपैकीं सुमारें नव्वद माणसें वांचतात. तिसाव्या मिनिटापर्यंत हें प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास येतें. म्हणजे गाडल्या गेलेल्या माणसाचा प्राण त्याच्या सोबत्यांच्या हातीं असतो. "यंत्र कमरेला असलें म्हणजे भीति नाहीं ना?" असें आम्हीं विचारलें. पुतण्या म्हणाला, "काका, यंत्र हें चूक झाल्यानंतरचें औषध आहे. खरा उपाय म्हणजे योग्य वेळीं योग्य उतारावर नसणें."

वेळेचें हें महत्त्व वसंतऋतूंत फारच असतें. दिवसां उन्हानें बर्फाचा वरचा थर ओला होतो. रात्रीं आकाश निरभ्र असलें म्हणजे त्यांतली उष्णता निघून जाते आणि तो थर गोठून फरशीसारखा टणक बनतो. पहांटे त्यावरून चढावयाचें, वरचा बोटभर थर मऊ झाला कीं उतरावयाचें, आणि आंतपर्यंत ओल मुरण्यापूर्वीं घरीं यावयाचें, हा तेथला नियम. आमच्याकडेही आभाळ स्वच्छ असलें कीं पौषांत कडाक्याची थंडी पडते, आणि ढग आले म्हणजे कोणी गोधडी घातल्यासारखी ऊब राहते. तसेंच तेथेंही. रात्रीं ढग राहिले तर बर्फ नीट गोठत नाहीं, आणि सकाळचा सुरक्षित काळ आंखूड होतो.

ठरल्याप्रमाणें आम्ही सर्व व्हाल्साव्हारांश नांवाच्या दरींतील पाँत येथें गेलों. मोटारीचा रस्ता येथें संपतो. उंची १,९६० मीटर, म्हणजे आमच्या कळसूबाईहून तीनशें मीटर अधिक! तेथील एका लहानशा खाणावळींत आम्हांस ठेवून मुलें स्नेह्यांसह वरच्या आश्रयगृहाकडे गेलीं. तें सुमारें २,७३५ मीटर उंचीवर असून त्यास त्या शिकारी राजाचेंच नांव आहे. रात्रीं मुलांचा दूरध्वनि आला. चौघांनीं दोन गोष्टी ठरविल्या होत्या. पहिली, सकाळीं साडेदहा वाजतां जेथें असूं तेथून मागें फिरावयाचें. दुसरी, चौघांपैकीं कोणाही एकानें फिरूं म्हटलें तर चौघांनीं फिरावयाचें. वाद वर घालावयाचा नाहीं, खालीं आल्यावर हवा तेवढा घालावा. स्नेह्यांपैकीं गृहस्थ वीस वर्षें डोंगरांतून हिंडलेला. आमची सूनबाई चौघांत सर्वांत नवखी. तरी दोघांच्या 'नाहीं'चें वजन सारखें! आम्हांस तें थोडें विचित्रच वाटलें.

पुढील वृत्तांत मुलांच्या तोंडून ऐकलेला आहे. पहांटे साडेचार वाजतां कपाळावर दिवे बांधून तीं निघालीं. आश्रयगृहापासून शिखर तेराशें मीटर उंच. आणि चार हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें सहादशांशच उरतो, म्हणून दोन पावलांनंतर श्वास घेण्यास थांबावें लागतें. रात्रीं कांहीं वेळ ढग आले होते. बर्फाची साय वरून कडक दिसे, पण ठिकठिकाणीं स्की आंत रुतत असे. त्यामुळें चाल मंदावली. प्रथम हिमनदीनें आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा बांध, मग हिमनदीचा रुंद उतार. तेथें बर्फाखालीं दडलेल्या भेगा असतात, म्हणून चौघें एका दोरास बांधून अंतर राखून चालत होतीं. उजाडतांना भोंवतालचीं शिखरें आधीं राखी, मग गुलाबी, मग सोनेरी झालीं. सूनबाई म्हणाली, "काका, त्या वेळीं कोणी बोललें नाहीं. फक्त स्कीचा सर् सर् आवाज येत होता." पुढें एक लांबट पाठ लागते, तिला तेथील लोक 'गाढवाची पाठ' म्हणतात. ती ओलांडून शेवटचा चढ चढून दहा वाजून वीस मिनिटांनीं चौघें शिखराच्या खडकांखालीं पोंचलीं.

येथें स्की काढून ठेवावयाच्या आणि बुटांस लोखंडी दांते लावून खडकांची एक अरुंद धार पार करावयाची असते. धारेच्या टोंकाशीं मेरीमातेची पांढरी मूर्ति आहे. अंतर शंभर पावलें. पण त्या धारेवर त्या दिवशीं वीसबावीस माणसें दोरांनीं बांधलेलीं, जाणारीं आणि येणारीं एकाच वाटेवर खोळंबलेलीं. तास तरी मोडला असता. साडेदहा होत आले होते. ऊन तापूं लागलें होतें. वीस वर्षांचा अनुभवी स्नेही कांहीं न बोलतां घड्याळाकडे पाहत राहिला. आमचा पुतण्या म्हणाला, "एवढें आलों आहों, एक तास अधिक." सूनबाई म्हणाली, "नाहीं. फिरूं या." चौघें फिरलीं.

इकडे आमची स्थिति काय सांगावी? आमच्या खोलींतून शिखर दिसत नव्हतें. दिसत होती ती वर जाणारी वाट आणि तिच्यावरचा उतार. सकाळचें स्तोत्रपठण झालें, आणलेलें पुस्तक उघडलें, पण एका पानापुढें मजल गेली नाहीं. बारा वाजून गेले. इतक्यांत वर कोठें तरी घों घों असा दीर्घ आवाज झाला, जणूं दूर पुलावरून मालगाडी जात आहे. आम्ही बाहेर धांवलों. आकाश निळें, डोंगर शांत, कोठें कांहीं हललेलें दिसेना. खाणावळीच्या बाईनीं हातानें खूण करून सांगितलें कीं, वसंतांत दुपारीं असें रोजच होतें, तो आवाज पलीकडच्या बाजूचा. त्यांचें म्हणणें खरें होतें. पण त्यानंतरचा पाऊण तास आम्हीं त्या वाटेकडे कसा पाहिला हें आमचें आम्हांस ठाऊक. वहिनींस काय तोंड दाखवावें, हा एकच विचार मनांत घोळत होता.

एक वाजतां वाटेच्या वळणावर चार ठिपके दिसले. खालच्या भागांतलें बर्फ वितळल्यामुळें स्की खांद्यावर घेऊन तीं पायीं उतरत होतीं. जवळ आलीं तेव्हां उन्हानें चेहरे रापलेले, ओंठ फुटलेले, पण सुखरूप. आनंदानें आमचा कंठ दाटून आला; आणि तरीही सारी हकीकत ऐकतांच आमच्या तोंडून पहिलें वाक्य निघालें तें असें, "शंभर पावलांसाठीं परत फिरलांत?"

तें वाक्य परत घेतां आलें असतें तर आम्हीं तें तत्क्षणींच घेतलें असतें. पुतण्या खालीं पाहत म्हणाला, "काका, मी वर हेंच म्हणत होतों. तुम्हीं शाळेंत पाठ करून घेतलेला तो भर्तृहरीचा श्लोक मला आठवला. आरंभिलेलें सोडूं नये म्हणून." हें ऐकून आमच्या छातींत धस्स झालें. घटकाभर तेथें कोणी बोलेना. मग सूनबाई शांतपणें म्हणाली, "आम्हीं आरंभिलें होतें तें काम शिखरावर संपत नव्हतें, काका. तें येथें, तुम्ही बसलां होतां तेथें, संपत होतें. तें आम्हीं सोडलें नाहीं."

वाचकांस तो श्लोक ठाऊक असेल. नीतिशतकांत भर्तृहरीनें माणसांच्या तीन प्रती केल्या आहेत. विघ्नाच्या भयानें जे आरंभच करीत नाहींत ते नीच, आरंभून विघ्न येतांच जे थांबतात ते मध्यम, आणि पुनःपुन्हां विघ्नें आलीं तरी जे आरंभिलेलें टाकीत नाहींत ते उत्तम. तीस वर्षें हा श्लोक आम्हीं शिकविला. अन्वय लावला, समास सोडविले, परीक्षेंत अर्थ विचारला. पण 'आरंभिलेलें' म्हणजे नेमकें काय, त्याची मर्यादा कोठें, हा प्रश्न आम्हीं एकाही मुलास विचारला नाहीं, आणि स्वतःसही नाहीं. श्लोक खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला आपण कार्य म्हणतों तें कोणतें, याचा निर्णय आधीं करावा लागतो. आणि तो निर्णय करणें आम्हां शिक्षकांचें काम होतें. तें न करतां शिकविलेला एक श्लोक पंचवीस वर्षांनंतर, चार हजार मीटरांवर, आमच्याच पुतण्यास पुढें ढकलीत होता!

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. त्या दिवशीं त्याच धारेवर खोळंबलेलें एक तरुण जोडपें दुपारीं साडेचार वाजतां पाँत येथें उतरलें. तीं दोघें शिखरावर गेलीं होतीं, मूर्तीजवळ छायाचित्रें काढलीं होतीं, आणि केसालाही धक्का न लागतां परतलीं होतीं. पुतण्यानें तीं छायाचित्रें पाहिलीं आणि कॉफीच्या पेल्यांत डोळे घातले. मग मुलें फिरलीं तें चुकलीं काय? रेल्वेचें फाटक बंद असतां रूळ ओलांडून सुखरूप पलीकडे गेलेला मुलगा शाळेंत वेळेवर पोंचतो. म्हणून फाटकाशीं थांबलेला मूर्ख ठरत नाहीं. आपला अधिकार कर्मावर, फळावर नाहीं, हें गीता रोज वाचूनही आम्ही कर्माचा शहाणपणा फळावरूनच मोजीत आलों आहों. साडेदहाचा निर्णय साडेदहाला जें दिसत होतें त्यावरून करावयाचा. साडेचारला काय झालें तें त्यास साक्ष म्हणून आणतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट त्या नियमाची. चौघांपैकीं एकाची 'नाहीं' पुरे, मग ती सर्वांत नवख्याची का असेना. विचार करतां आम्हांस वाटलें कीं, ही रीत मुद्दामच अशी ठेविली असावी. अनुभवी माणसास आपला अनुभव पुढें ओढतो, पुरुषास भिडेची लाज वाटते. नवख्यास जें स्पष्ट दिसतें तें या दोघांस दिसून न दिसल्यासारखें होतें. आमच्या एकत्र कुटुंबांतून वडिलांच्या शब्दास मान आहे, आणि तो असावाही. पण घरांतील सर्वांत धाकट्या सुनेनें भरल्या बैठकींत 'नाहीं' म्हटलें तर तें किती घरांत मोजलें जाईल? आमच्या घरांत मोजलें गेलें असतें असें आम्हांस छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं.

रात्रीं साताऱ्यास दूरध्वनि लावला. वहिनी जणूं त्याच्याजवळच बसून होत्या. त्यांनीं विचारलें, "भावोजी, वर पोंचलीं का?"

आम्ही म्हणालों, "वहिनी, खालीं पोंचलीं."

क्षणभर पलीकडून कांहींच आवाज आला नाहीं. मग वहिनी म्हणाल्या, "मग झालें तर. जेवलीं का पोरें?"